आत्याचा गजरा



फेब्रुवारी आला की आपल्यातले काहीजण दरवर्षी तेच बजावतात : व्हॅलेंटाइन डे ही पाश्चात्त्य थेरं, मुलांना त्यापासून दूर ठेवा. मला हे पटत नाही.

संत व्हॅलेंटाइन हे तिसऱ्या शतकातले रोमचे रक्तसाक्षी. त्यांनी गुपचूप लग्ने लावली ही दंतकथा. १९६९ साली त्यांचा सण ख्रिस्तसभेच्या सर्वसाधारण पंचांगातून वगळला गेला. १४ फेब्रुवारीला आता आपण संत सिरिल आणि संत मेथोडियस यांचा सण पाळतो. पण रक्तसाक्ष्यांच्या रोमन नामावलीत व्हॅलेंटाइनचे नाव त्याच तारखेला कायम आहे. बाजाराने ते पळवले म्हणून आपण ते सोडून का द्यावे?

बेळगावात आमच्या घरी हा दिवस पाळला जाई. गुलाब नाही, कार्ड नाही. बाबा कामावरून येताना गणपत गल्लीतून अबोलीचे दोन गजरे आणि पाव किलो कुंदा आणत. एक गजरा आईला, दुसरा आत्याला. आत्याने लग्न केले नव्हते. आम्हा मुलांना वाटे, बहिणीची माया.

मी कॉलेजात असताना आईने खरे सांगितले. आत्याला एका मुलाने मागणी घातली होती. मुलगा ख्रिस्ती, नोकरीला, मिस्सा न चुकवणारा. आत्याच्याही मनात तोच होता. आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "मूळचे कोण?" उत्तर पसंत पडले नाही. बाबा तिथेच बसले होते, पण बहिणीसाठी एक शब्द बोलले नाहीत. तो गजरा म्हणजे त्यांची दरवर्षीची क्षमायाचना होती. आत्याने तो कधी नाकारला नाही आणि कधी माळलाही नाही. मारियामातेच्या तसबिरीला घालायची.

विवाहपूर्व वर्गात मी शिकवतो : कॅनन लॉचा १०५७ वा नियम सांगतो की विवाह वधूवरांच्या संमतीने होतो आणि त्या संमतीची जागा दुसरी कोणतीही मानवी सत्ता घेऊ शकत नाही. विवाहाला अडथळे कोणते, तेही त्याच संहितेत दिले आहेत. त्यात जात नाही. तरी तो प्रश्न आजही विचारला जातो, हल्ली फक्त जरा हळू आवाजात. लग्नात आपण करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय हौसेने वाचतो. स्थळ पाहताना मात्र गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय मिटून ठेवतो.

कोणी म्हणेल, आईवडील मुलांचे भलेच पाहतात. जरूर पाहावे. स्वभाव, व्यसन, श्रद्धा, कमाई, सगळ्याची चौकशी करावी. पण बाप्तिस्म्याने ज्यांना एका कुटुंबात आणले, त्यांना लग्नाच्या बोलणीत पुन्हा वेगळे काढायचे, हे कसले भले? मुलांना बिघडवायला ग्रीटिंग कार्ड लागत नाही, आपला हा ढोंगीपणा पुरेसा आहे.

बाबा गेले. आता गजरे मी आणतो. गेल्या वर्षी माझ्या मुलीने विचारले, "आत्याआजीला का?" मी तिला सगळे सांगितले आणि शब्द दिला, की तिच्या वेळी आपल्या घरात तो प्रश्न कुणी विचारणार नाही.

तुमच्याही घरात असा एखादा गजरा कुणाला देणे असेल. या १४ तारखेला तो द्या, क्षमा मागा. आणि पुढचे स्थळ आले की तो प्रश्न गिळून टाका. प्रभू आपल्याला तेवढे धैर्य देवो. आमेन.