शेजारच्या बोअरवर विसंबू नका

जोयडा तालुक्यात काळी नदीवर सुपा धरण आहे. अशा १०१ मीटर उंच काँक्रीट धरणाचा पाया घेताना अभियंता खडकावर उभा राहतो, भेगा बघतो, ग्राउट भरून घेतो आणि मगच काँक्रीट टाकतो. हीच काळी कारवारला समुद्राला मिळते. तिथून पुढे मात्र पायाखालची जमीन डोळ्यांनी पाहण्याची सोय उरत नाही; भिस्त राहते ती मोजक्या बोअरवर.

आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत नद्यांनी आणलेली मऊ चिकणमाती आहे. दूरवर, समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या भागात, समुद्राची पातळी खूप खाली होती त्या काळात साचलेली शंखशिंपल्यांची चुनखडी वाळू आढळते. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. त्या ‘मुंबई हाय’च्या परिसरात समुद्रातले पाये उभारणाऱ्या आपल्या व्यवसायाची गाठ याच चुनखडी मातीशी पडली.

ही वाळू फसवी असते. प्रयोगशाळेत तिचा घर्षणकोन भरपूर येतो. पण तिचे कण पोकळ आणि ठिसूळ असतात. पाईल ठोकताना ते चुरडतात, बाजूचा दाब ओसरतो आणि पाईलला मिळणारे घर्षण अंदाजाच्या कितीतरी खाली येते. १९८२ साली ऑस्ट्रेलियाच्या ‘नॉर्थ रँकिन ए’ प्लॅटफॉर्मवर पाईल नुसत्या स्वतःच्या वजनाने साठ मीटरहून अधिक खाली गेल्या. त्यातच मधूनमधून सिमेंटसारखे घट्ट झालेले थर येतात. त्यामुळे प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या जॅकेटच्या एका पायाखाली पाईल अडते, तर दुसऱ्या पायाखाली ती सरसर उतरते. पातळ कठीण थराखाली मऊ माती असेल, तर जॅकअप रिगचा पाय तो थर फोडून अचानक खचू शकतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शेजारच्या प्लॅटफॉर्मचा बोअर हा केवळ संदर्भ आहे, आराखड्याचा आधार नव्हे. प्रत्येक जागेवर स्वतंत्र बोअर आणि कोन पेनिट्रेशन चाचणी हवीच. मातीतल्या चुन्याचे प्रमाण आणि थरांच्या घट्टपणाची पातळी अहवालात ठळकपणे नोंदवली पाहिजे. वाळू चुरडणारी निघाली, तर आधी छिद्र पाडून ग्राउटने बसवलेल्या पाईलचा पर्याय निविदेच्या टप्प्यावरच खर्चात धरावा. बार्ज समुद्रात उभी असताना तो शोधणे फार महाग पडते.

शिवाय हॅमरच्या प्रत्येक फटक्याची नोंद ही मातीची एक चाचणीच असते. काम संपताच ती फायलीत बंद होते, ही आपली खरी हानी आहे. तेल कंपन्या, कंत्राटदार आणि संशोधन संस्था यांनी या नोंदी एकत्र आणून पुढच्या आराखडाकारांना खुल्या कराव्यात. प्लॅटफॉर्मवर राहणाऱ्या माणसांची सुरक्षितता याच माहितीवर उभी असते.