हे तर माझंच वाक्य!

मुलांनो, गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत पालकसभा होती. सभा संपल्यावर चौथीतला एक मुलगा आईच्या मागे लागला, "मला आत्ताच नवी कंपासपेटी पाहिजे." आई म्हणाली, "अरे, पगार झाल्यावर घेऊ." तसा तो कमरेवर हात ठेवून ओरडला, "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?"

आई अगदी कानकोंडी झाली. मला राग आला. चांगलं खडसवावं म्हणून पुढे झाले नि जागीच थांबले. कमरेवरचे हात, ते शब्द, तो सूर... सगळं माझंच! वर्गात दिवसातून चारदा तरी मी हेच म्हणते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बडवलं. नंतर त्या मुलांपैकी पुष्कळांनी बाहुल्याला तसंच बडवलं. एवढंच नाही, तो माणूस मारताना जे बोलला होता, तेही काहींनी बोलून दाखवलं! शिकवलं कुणीच नव्हतं. नुसतं पाहिलं होतं.

मग त्या मुलाचं काही चुकलं नाही का? चुकलंच. कंपासपेटी मागावी, पण आईला असं बोलू नये, हे चौथीतल्या मुलाला नक्की कळतं. पण आईनं पुढे काय केलं? चार लोक बघताहेत म्हणून पाकीट उघडलं नि दुकानाकडे निघाली. पालकहो, घोटाळा होतो तो इथं. ओरडून वस्तू मिळाली की पुढच्या वेळी मूल आधी ओरडतं, मग मागतं. "नीट बोल, मग ऐकते," एवढं म्हणून गप्प राहायचं. सुरुवातीला आरडाओरडा वाढतो, हे घरच्या अनुभवावरून सांगते. आमची धाकटी अर्धा तास जिन्यात रुसून बसली होती!

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, "मी 'कळत नाही का' म्हटलं की बोट वर करायचं." शुक्रवारपर्यंत सात वेळा बोटं वर झाली. पहिलं बोट त्याच मुलाचं.

काल तो हळूच जवळ आला. "बाई, मी आईलापण बोट वर करायला सांगितलंय. पण ती सारखंच वर करते हो!"