वकील हटविला, पण वाट कोण दाखविणार?

कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, असे १९८४ च्या कायद्याने ठरविले. संसाराचे तंटे वकिली डावपेचांत अडकू नयेत, ही भूमिका रास्तच. परंतु वकील दूर सारताना त्याचे ज्ञान पक्षकाराच्या हाती देण्याची जबाबदारी शासनाने टाळली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची कष्टकरी स्त्री एका तारखेपायी दिवसाची मजुरी गमावते. समन्स चुकविणारा नवरा काहीच गमावीत नाही. ‘तो सही देत नाही’ म्हणून ती वर्षानुवर्षे अडकून पडते.

वस्तुतः हिंदू विवाह कायद्यात उभयतांची सही केवळ परस्परसंमतीच्या घटस्फोटास लागते. छळ किंवा दोन वर्षांचा परित्याग सिद्ध केल्यास संमतीवाचूनही घटस्फोट मिळतो. समन्स टाळणाऱ्याच्या दारावर ते डकविण्याचा अथवा वृत्तपत्रात छापण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तरीही तो न आल्यास दावा एकतर्फी चालतो. पुरावा मात्र द्यावाच लागतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाच्या अटीविना मोफत विधी साहाय्य मिळते.

हे तिला सांगणार कोण? प्रत्येक न्यायालयाच्या दाराशी मराठी अर्जांचे नमुने आणि ते भरून देणारा माणूस हवा. ही मागणी लावून धरावी. ती पुरी होईपर्यंत तो माणूस कार्यकर्त्यानेच व्हावे. नवऱ्याच्या गैरहजेरीला बळ येते ते तिच्या अज्ञानातून!