पावसाळ्यात फ्रीजला फुटणारा घाम

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तरी फ्रीजला घाम फुटतो तो आषाढ-श्रावणात. खानदेशचा उन्हाळा कोरडा. पावसाळ्यात मात्र दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि गार भिंतीवर तिचं पाणी होतं. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये त्याचाच बर्फ साचतो. थर 5 मिलिमीटरचा झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबावं. सुरीने खरवडू नये, कधीच नाही. बर्फाखालच्या पत्र्यात गॅसची नळी असते आणि ती फुटली की खर्च मोठा. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हीटर ठरावीक तासांनी बर्फ वितळवतो, पाणी मागच्या भोकातून खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचलं, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी ते भोक कोमट पाण्याने मोकळं करून बघा. अनेकदा तिथे कोथिंबिरीची काडी अडकलेली असते. दमट हवा फटीतून शिरत नाही ना, हे बघायला दाराच्या रबरात कागद धरून ओढा. सहज निघाला तर रबर सैल झालंय. आणि भरताची भाजलेली वांगी गरम असताना आत ठेवू नका, त्यांची वाफसुद्धा शेवटी बर्फच होते.