नकाशा आहे, पण कोणता?

ट्रेकला निघताना तुम्ही काय करता? फोनवर किल्ल्याचं नाव टाकता, ‘दोन किलोमीटर’ दिसलं की चालायला लागता. आम्हीही तेच केलं. मध्ये उभा कडा आहे, हे तिथे पोचल्यावर कळलं. परतलो ते टॉर्चच्या उजेडात! चूक ॲपची नव्हती. रस्त्यांच्या नकाशाला आम्ही डोंगर विचारत होतो. चढ कळायला शाळेत शिकलेल्या समोच्च रेषाच लागतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर त्या सापडतात: रेषा जितक्या जवळ, तितका चढ तीव्र. लोकलच्या डब्यातला नकाशा स्टेशनांचा क्रम सांगतो, अंतर नाही. म्हणून सॅक भरण्याआधी ठरवा, आपल्याला रस्ता हवाय की चढ? आणि रेंज जायच्या आत तो नकाशा डाउनलोड करा.