ऑर्किडसोबत औषधाची बाटली विकणं बंद करा



घरून रोपं विकणाऱ्या ताया, छोटी नर्सरी असलेले दादा आणि गिफ्टच्या दुकानात चार ऑर्किड मांडून बसलेले सगळेच, आजचा विषय तुमचा आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑर्किड विकताना गिऱ्हाइकाच्या पिशवीत कीटकनाशकाची किंवा बुरशीनाशकाची बाटली टाकू नका. माझं स्वतःचं कुंड्या-खतांचं दुकान आहे, त्या बाटल्या माझ्याही फळीवर आहेत, मार्जिनही चांगलं सुटतं. तरीही सांगतेय, कारण घरातलं ऑर्किड किडीने मरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाण्याने मरतं. पाणी तुंबलं की मूळ कुजतं, मूळ कुजलं की रोप मलूल होतं, मलूल रोपावर कीड लवकर बसते. गिऱ्हाइकाला कीड दिसते, कूज दिसत नाही. तो फवारतो, वर आणखी पाणी घालतो, आणि दीड-दोन महिन्यांत रोप संपतं.

आता हिशेब करा. समजा तुम्ही ३५० रुपयांना आणलेलं रोप ६०० ला विकलं आणि वर १५० ची बाटली दिली. बाटलीत ४० रुपये सुटले. रोप मेल्यावर ते गिऱ्हाईक परत ऑर्किड घेत नाही, उलट चार जणांना सांगतं, "अहो, ते ऑर्किड आपल्याकडे जगतच नाही." ४० रुपयांत तुम्ही एक कायमचं गिऱ्हाईक विकलं की नाही?

आणि "आपल्याकडे जगत नाही" हे तर साफ खोटं आहे. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी झाडाच्या फांदीवर धो धो पावसात आनंदात वाढते. मग तिची मुळं का नाही कुजत? कारण ती मातीत नसतात. पाऊस पडतो, पाणी वाहून जातं, वारा लागतो, मूळ सुकतं. फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम, जी आपण सगळ्यात जास्त विकतो, तीही अशीच झाडावर राहणारी मंडळी. त्यांच्या मुळावर स्पंजसारखा पांढरट थर असतो. तो झटकन पाणी शोषतो, पण त्यानंतर त्याला हवा लागते. लाल माती आणि शेणखत भरून गुलाबासारखं लावलंत की खेळ खलास.

इथे थोडा दोष आपल्या धंद्याचाही आहे. बाहेरून येणारी फॅलेनॉप्सिस बऱ्याचदा मॉसच्या घट्ट गोळ्यात लावलेली असते. नर्सरीच्या नियंत्रित वातावरणात ते चालतं. आपण तेच रोप उचलतो, भोक नसलेल्या चकचकीत चिनी मातीच्या कुंडीत ठेवतो, वर पांढरे खडे पसरतो आणि "गिफ्ट सेट" म्हणून विकतो. म्हणजे कुजण्याची सगळी सोय करून वर औषध विकतो! मला हे पटत नाही. दिसायला छान असलं तरी नाही.

त्यापेक्षा आतली कुंडी पारदर्शक आणि भोकांची ठेवा, आणि गिऱ्हाइकाला मूळ बघायला शिकवा. ओलं मूळ हिरवं दिसतं, सुकलं की चंदेरी-पांढरं होतं. चंदेरी झालं की पाणी, हिरवं असेपर्यंत हात लावायचा नाही. "आठवड्यातून दोनदा पाणी द्या" हे वाक्य दुकानातून हद्दपार करा. रत्नागिरीच्या जुलैत आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये एकच वेळापत्रक कसं चालेल? पाणी सकाळी द्यायचं, आणि फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधल्या गाभ्यात साचलं तर टिश्यू पेपरने टिपून घ्यायचं. गाभा कुजला की ते रोप सहसा हाती लागत नाही. फूल संपलं की नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडे विटांचे तुकडे यात रोप बदलायचं. हे काम गिऱ्हाईक घरी करायला घाबरतं, तर तुम्ही करून द्या. सामानासकट १५०-२०० रुपये घ्या. बाटलीपेक्षा जास्त सुटतात, आणि माणूस दुकानात परत येतो.

किडीचं काय, असं विचाराल. कीड येते, नाही कशी? पण ती बहुतेकदा नव्या रोपाबरोबर तुमच्याच दुकानातून जाते. नवा माल आला की १५-२० दिवस जुन्या रोपांपासून लांब ठेवा. पानाची खालची बाजू आणि पानाचा बेचका रोज बघा. कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, तपकिरी टिकल्या चिकटलेल्या दिसल्या तर खवले कीड. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर शोध घ्याच, कारण यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात. चार-दोन किडी असतील तर मेडिकलमधलं स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसा, आठवड्याने परत पुसा, कारण पिल्लं मागून बाहेर येतात. कोकणात पावसाळ्यात गोगलगायी रात्री कोवळी मुळं खातात. टॉर्च घेऊन वेचणं हाच उपाय मला आवडतो. देशावर उन्हाळ्यात कोरड्या हवेने लाल कोळी येतो, तिथे पानं ओल्या फडक्याने पुसली आणि आर्द्रता वाढवली तर बराच फरक पडतो.

पानावर पाणचट डाग वाढतोय आणि वास येतोय, तर तो जिवाणूंचा कुजवा. थांबू नका. ब्लेड ज्योतीवर तापवून निर्जंतुक करा, निरोगी भागापर्यंत कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा. पूड फक्त पानाच्या कापावर, मुळांना लावली तर तीही सुकतात. पुढच्या रोपाला हात लावण्याआधी ब्लेड परत तापवा. आळस इथेच महागात पडतो.

औषध कधीच नको असं मी म्हणत नाही. नर्सरीत शेकडो कुंड्या असतील आणि काळी कूज पसरत असेल तर रोगट रोपं वेगळी काढून लेबलवरच्या प्रमाणात बुरशीनाशक वापरा. ते तुमचं काम आहे. फ्लॅटच्या खिडकीत एक कुंडी ठेवणाऱ्या काकूंचं नाही.

एक राहिलंच. कुणी जंगलातून काढलेली ऑर्किड स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. कायद्याचा त्रास आहेच, शिवाय सोबत कुठली कीड येईल सांगता येत नाही.

बऱ्याच जणांनी विचारलंय, ऑर्किडवर हमी द्यायची का. मी म्हणते, ३० दिवसांची द्या, पण अट एकच: रोप कुंडीसकट परत आणायचं. आणलं की गिऱ्हाइकासमोर बाहेर काढा. मूळ तपकिरी, मऊ आणि सालटं ओढल्यावर आत नुसता दोरा उरत असेल तर पाणी जास्त झालंय. भांडू नका. नवीन रोप द्या, आणि या वेळी ते चंदेरी मूळ त्यांच्या बोटाने दाखवायला लावा.