शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे

2021 च्या उन्हाळ्यात करोनापाठोपाठ काळ्या बुरशीने गाठलेले रुग्ण नाशिकच्या रुग्णालयांत दाखल होऊ लागले, कित्येकांच्या सायनसमधील सडलेला भाग काढावा लागला, आणि शासनाने या रोगाचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश केला, हे उचितच झाले. त्या रुग्णांची शुश्रूषा पुढे कित्येक आठवडे चालली. साध्या सायनसच्या रुग्णाला मात्र आपण शस्त्रक्रियेनंतर फार लवकर मोकळे सोडतो.

दुर्बिणीतून केलेल्या या शस्त्रक्रियेची खूण चेहऱ्यावर उमटत नाही, म्हणून घरची माणसे त्याला बरा झाला असे समजतात. परंतु आतील श्लेष्मल त्वचा पुन्हा धरण्यास व तिच्यावरील सूक्ष्म केसांनी कफ बाहेर सारण्यास सहसा सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तोवर रक्ताळलेल्या खपल्या आत साचू दिल्या, तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींस चिकटून मोठ्या प्रयासाने उघडलेला मार्ग पुन्हा बुजण्याचा संभव असतो. याकरिता अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, मोरीवर मान वाकवून, सांगितल्याप्रमाणे नाक धुवावे. पहिले काही दिवस नाक शिंकरू नये, जड ओझे उचलू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवावे, रात्री उशाला दोन उशा घ्याव्यात. घरचा हंडा कितीही स्वच्छ दिसो, न उकळलेले पाणी नाकात घालू नये.

हे सारे पथ्य सुरगाणा-पेठच्या पाड्यावरील शेतमजुराने, आठवडाभरात कांद्याच्या चाळीतील धुळीत परतावे लागत असता, कसे पाळावे? डॉक्टरांना आतल्या खपल्या काढण्यासाठी त्याला पुनःपुन्हा पाहावे लागते. योजनेतील पाठपुराव्याची व औषधांची मुदत मात्र घरी सोडल्यापासून दहा दिवसांची आहे. ही मुदत कुणी दप्तरी बसून ठरवली असली, तरी जखमेला ती ठाऊक नाही. जिल्हा प्रशासनाने कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या फेऱ्या तालुक्याच्या रुग्णालयांत ठरावीक वारी लावाव्यात, दुर्बीण तिकडे न्यावी, आणि या तपासण्यांसाठी रुग्णास येण्याजाण्याचे एस.टी. भाडे मिळेल अशी तजवीज शासनाने करावी. शस्त्रक्रियेवर खर्च झालेला पैसा दुसऱ्यांदा खर्च होऊ नये, एवढ्या हिशेबानेही ते परवडण्यासारखे आहे.